कायदा फाइलीतून शिका
(प्रतापनगर, नागपूर इथल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



लॉ कॉलेजात आपले पोट्टे कमी नाहीत. कलमं पाठ, गाईड पाठ. पण ठाण्यात फिर्याद लिहून घेताना जमादारानं एक वाक्य गाळलं, तर ते पकडता येतं का? केस तिथंच मरते. कोर्टात नुसतं पोस्टमॉर्टम.

खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना खुनाबद्दल दोषी धरलं, ॲट्रॉसिटी मात्र लागली नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानंही तेच म्हटलं. सूड आहे, जात नाही! सहा जणांची फाशी गेली, २५ वर्षांची जन्मठेप आली. चीड येते? आलीच पाहिजे. पण घोषणा पुराव्यात दाखल होत नाही. खून जातीच्या कारणावरून झाला, हे सिद्ध करा असं तेव्हाचं कलम ३ सांगत होतं. ते कशानं सिद्ध करायचं? हे वर्गात कुणी विचारतं?

म्हणून पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येक गटाला तोच निकाल. एक तपास अधिकारी, ॲट्रॉसिटीत तो डीवायएसपीच्या खालचा चालत नाही. एक सरकारी वकील, एक साक्षीदार, एक न्यायाधीश. आणि आरोपीचा वकील? तोही आपलाच पोट्टा. नाक मुरडू नका. समोरचा आपली साक्ष कुठं फोडणार, हे त्याच्याच खुर्चीत बसल्यावर कळतं. मग दुसरी फेरी. २०१५ च्या दुरुस्तीनं आरोपीला जात माहीत होती एवढं पुरेसं केलं, २६ जानेवारी २०१६ पासून. तीच फाइल नव्या शब्दांवर चालवा. कुठला साक्षीदार आता जास्त कामाचा?

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे आहेत. बऱ्याच ठिकाणी ते जुनी जर्नलं उतरवण्यात संपतात. मार्क मिळतात, वकील तयार होत नाही.

चवदार तळ्याचा दावा १९२७ ला लागला, १९३७ ला हायकोर्टात निकाली निघाला. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. सवर्णांचा दावा पडला कशावर? अनादि काळापासूनची वहिवाट त्यांना पुराव्यानं दाखवता आली नाही. सत्याग्रहाच्या जोडीला कागदही लढला.

रविवारी सकाळी इथंच बसू. निकालाच्या झेरॉक्स मी आणतो. गट आत्ताच पाडा, आणि मित्रामित्रांचा एकच गट करू नका.