जुनें पान, नवें पान

घरबसल्या संगणकावरून औषधें मागविणारी एक गृहिणी आहे, अशी कल्पना करावी. पत्त्यांत गांव म्हणून 'पुणें' होतें; आजारी सासूबाई सध्यां सातारला, म्हणून तिनें यादींतून 'सातारा' निवडलें. पडद्यावर मात्र 'पुणें' हेंच राहिलें. यंत्राच्या स्मरणांत सातारा आणि डोळ्यांपुढें पुणें! औषध कोणत्या गांवीं जाणार, हें तिनें कशावरून ओळखावें?

हा दोष यंत्राचा नव्हे, तें चालविणारी आज्ञावली लिहिणाराच्या एका संवयीचा असूं शकतो. 2013 सालीं अमेरिकेंतील फेसबुक कंपनीनें 'रिअॅक्ट' नांवाचें साधन सर्वांस खुलें केलें. त्यांत पडद्याचे लहान लहान घटक पाडलेले असतात, आणि घटकाजवळ त्याची चालू माहिती, म्हणजे 'स्टेट' अथवा स्थिति, ठेवलेली असते. स्थिति बदलली कीं घटक नव्यानें रेखाटला जातो. प्रश्न एवढाच कीं, ती बदलली हें ओळखावयाचें कसें?

पेढीचा मालक रोज प्रत्येक आंकडा वाचीत बसत नाहीं. नवें पान पुढें आलें काय, एवढेंच पाहतो. रिअॅक्टची रीति हीच आहे. हातीं आलेली वस्तु पूर्वींचीच कीं वेगळी, इतकेंच तें तपासतें; आंतील मजकूर ताडून पाहण्यांत वेळ दवडीत नाहीं. मुनिमानें जुन्याच पानावर खाडाखोड करून तेंच पुन्हां पुढें केलें, तर मालकाच्या लेखीं कांहींच घडलेलें नसतें. गृहिणीचें 'पुणें' तसेंच राहतें तें यामुळें.

तेव्हां नियम असा कीं, जुन्या पानास हात न लावतां त्याची नक्कल करावी, नकलेंत गांव बदलावें, आणि ती नक्कल सादर करावी. यासाठीं जावास्क्रिप्ट भाषेंत तीन टिंबांची खूण आहे; वस्तूंकरितां ती 2018 च्या प्रमाण आवृत्तींत आली.

येथें दोन ठिकाणीं पाय घसरतो. रिअॅक्टच्या जुन्या, वर्ग-पद्धतीच्या घटकांत केवळ बदललेली बाब दिली तरी चालत असे. बाकीच्या बाबी आपोआप जुळविल्या जात. फेब्रुवारी 2019 मध्यें आलेल्या 'यूजस्टेट' पद्धतींत तसें होत नाहीं. तेथें दिलेली वस्तु जुनीची संपूर्ण जागा घेते; नुसतें गांव दिलें, तर नांव आणि वय नाहींसें होतें.

दुसरा घोटाळा अधिक फसवा आहे. तीन टिंबांनीं वरचें पान नवें होतें, परंतु त्याला टांचलेली पत्त्याची चिठ्ठी जुनीच राहते. तिच्यावर खोडलें, तर जुन्या पानाची साक्षही बिघडते. आणि चिठ्ठी बदलली तरच हालावयाचें, असें ठरवून दिलेला आंतील घटक स्वस्थ बसतो. म्हणून बदल जितका खोल, तितक्या वाटेवरील प्रत्येक थराची नक्कल हवी. वाटेबाहेरच्या बाबी मात्र जुन्याच वापराव्यात. हा व्याप नको असेल, तर 'इमर' हें साधन आहे. त्याच्या कच्च्या प्रतीवर खुशाल खोडावें. पक्की नक्कल तें स्वतः करून देतें.

जुनें पान शाबूत राहिल्यानें आणखी एक लाभ होतो: चुकलेलें पाऊल मागें घेतां येतें. आणि नवें पान वेळेवर पुढें आलें, म्हणजे त्या गृहिणीला पडद्यावर 'सातारा' दिसतो, आणि ती निर्धास्तपणें औषध मागविते.