मधले नाव गंगाराम

(नांदेड आणि लातूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



लातूरहून नांदेडला रेल्वेने निघाले की गाडी सरळ जात नाही. लातूर रोड, परळी, गंगाखेड, परभणी, पूर्णा असा मोठा वळसा घेऊन ती नांदेडच्या गोदाकाठी पोहोचते. या वळशावर मराठी कवितेची दोन स्थानके लागतात. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परभणीला १९९५ साली ६८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद नारायण सुर्वे यांनी भूषविले. एक वारकरी संत, दुसरा कम्युनिस्ट कामगार कवी. दोघांच्या मध्ये सहा शतकांहून अधिक अंतर आणि श्रद्धांमध्ये त्याहूनही मोठे. तरी दोघांचे एक साम्य आहे. दोघेही जन्मदात्यांच्या घरी वाढले नाहीत.

सुर्वे यांची कथा अनेकांना ठाऊक आहे, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, मुंबईच्या गिरणगावात, गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला टाकून दिलेले एक तान्हे मूल सापडले. त्याने ते उचलून घरी आणले. पत्नी काशीबाई, त्याही गिरणीत राबणाऱ्या. चाळीतल्या त्या दोघांनी मुलाला नारायण हे नाव दिले, आपले आडनाव दिले आणि महापालिकेच्या शाळेत घातले. मुलाची जात कोणती, धर्म कोणता, हे सांगणारे कोणी नव्हते. गंगारामने ते विचारल्याचेही कोठे नमूद नाही.

येथे थांबून कथा गोड करून टाकण्याचा मोह होतो. वस्तुस्थिती तशी नाही. मूल चौथीपर्यंत शिकले. पुढे गंगाराम कामावरून निवृत्त झाला आणि कोकणातल्या गावी निघून गेला. जाताना त्याने मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले. त्या कोवळ्या वयात नारायण दुसऱ्यांदा पोरका झाला. घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, हमाल, गिरणीतला कामगार अशी कामे त्याने केली. शाळेत शिपाई म्हणून लागला, परीक्षा दिल्या आणि पुढे महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाला. कृष्णाबाईंनी आपल्या आत्मकथनाला ‘मास्तरांची सावली’ हे नाव दिले, ते याच मास्तरांमुळे. संसाराची खरी जमाखर्चाची वही पाहायची असेल त्याने सुर्व्यांच्या कवितेआधी कृष्णाबाईंचे पुस्तक वाचावे.

गंगारामने मुलाला इस्टेट दिली नाही. देण्यासारखी त्याच्याकडे नव्हतीच. घरही कायमचे दिले नाही. त्याने नाव दिले, आणि सुर्वे यांनी ते मरेपर्यंत सांभाळले. आपण सापडलेले मूल आहोत हे त्यांनी कधी लपविले नाही. अरुण खोपकर यांनी त्यांच्यावर लघुपट केला, त्याचे शीर्षकच ‘नारायण गंगाराम सुर्वे’ आहे. सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा २००२ या वर्षाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

या संदर्भात आपल्या जुन्या ग्रंथांतील एक शब्द आठवण्याजोगा आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘अपविद्ध’ हा एक आहे. आई-बापांनी, किंवा त्यांपैकी एकाने, टाकून दिलेले आणि दुसऱ्याने पुत्र म्हणून स्वीकारलेले मूल, असा त्याचा अर्थ. म्हणजे रस्त्यावर सापडलेल्या मुलाला पुत्र म्हणावे, ही कल्पना या भूमीला परकी नव्हती. पुढे निबंधकारांनी कलियुगाचा दाखला देऊन औरस आणि दत्तक एवढेच शिल्लक ठेवले आणि दत्तक तरी कोणाचा, तर सजातीयाचा, ज्याचे आई-बाप हाताने देतील त्याचा. ज्याला देणाराच कोणी नाही त्या मुलाचे दार बंद झाले. स्वतंत्र भारताच्या संसदेने ते उघडले. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात १९६२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार आई-बाप अज्ञात असलेले मूलही न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देता येऊ लागले आणि असे मूल हिंदू, बौद्ध, जैन वा शीख म्हणून वाढविले गेले तर त्याला हा कायदा लागू होतो, असा स्पष्ट खुलासा जोडला गेला. जन्म अज्ञात असला तरी संस्काराने हिंदू! हिंदुत्वाची याहून उदार व्याख्या शोधून सापडणे कठीण. योगायोग असा की सुर्वे यांचा पहिला संग्रह ‘ऐसा गा मी ब्रह्म’ त्याच १९६२ साली प्रसिद्ध झाला.

हे शीर्षक कोठून आले? त्याच्यामागे बृहदारण्यक उपनिषदातील ‘अहं ब्रह्मास्मि’ हे महावाक्य उभे आहे आणि त्यातला ‘गा’ ज्ञानोबा-तुकोबांच्या बोलीतला आहे. कम्युनिस्ट पक्षाचे काम करणारा, चौथी शिकून गिरणीत गेलेला तरुण आपल्या पहिल्या पुस्तकाला नाव देतो तेव्हा ते त्याला रशियन पत्रकांत सापडत नाही, मराठीच्या घरात सापडते. ‘माझे विद्यापीठ’, ‘जाहीरनामा’, ‘सनद’, ‘नव्या माणसाचे आगमन’ अशी पुढची शीर्षके वेगळ्या वळणाची आहेत. पण पहिला श्वास तो पहिला श्वास.

आता त्यांच्या विचारनिष्ठेविषयी. त्यांचा मार्क्सवाद हा दिखाऊ नव्हता आणि तो झाकून त्यांचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला तरी त्यांनी आपली निष्ठा सोडली नाही. ज्या राजवटीने मांडेलश्टामसारख्या कवीला श्रमछावणीत मरायला पाठविले, तिच्या तत्त्वज्ञानाशी या पानांचा मतभेद पूर्वीही होता आणि आजही आहे. वर्गसंघर्षातून समाज एकजीव होत नाही, हा अनुभव गिरणगावानेही घेतला. १९८२च्या संपानंतर कामगाराच्या हाती काय उरले, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

पण मतभेद नोंदवून प्रश्न संपत नाही. मार्क्स त्यांना भेटला कसा? त्यांच्या गाजलेल्या कवितेत तो ग्रंथालयात भेटत नाही. पहिल्या संपात, मोर्चाच्या गर्दीत भेटतो आणि गिरणीतली एक अक्का त्याची ओळख गावच्या एखाद्या साधुपुरुषासारखी करून देते. भुकेल्या, बेघर पोराला त्या काळात जवळ करणारे जे लोक होते, त्यांची श्रद्धा त्याची श्रद्धा झाली. दाऊद शीगवाला, याकूब नालबंदवाला, आफ्रिकी चाचा ही त्यांच्या कवितेतली माणसे म्हणजे त्यांचे गणगोत आहे. जो हात धरतो त्याचे बोट धरून मूल चालते. तेव्हा कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारण्याचा प्रश्न ‘हा कवी तिकडे का गेला’ हा नाही. त्या फुटपाथवर त्याच्या शेजारी आणखी कोण बसले होते, हा आहे. उत्तर फारसे सुखावह नाही. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेविषयी जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, ती ऐकून संघटनेबाहेरच्यांना आश्चर्य वाटले. त्या आश्चर्यातच आधीच्या काळाची कमतरता दडलेली होती.

जनाबाईंकडे वळले की याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. परंपरा सांगते की लहान वयात त्या गंगाखेडहून पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या घरी आल्या आणि तेथेच राहिल्या. घर भक्तीचे होते, छत्र मिळाले. पण नाते कोणते मिळाले? त्या स्वतःला नामदेवांची बहीण म्हणवीत नाहीत, दासी म्हणवितात. दळण, कांडण, शेण-गोठा हीच त्यांच्या अभंगांची सृष्टी आहे. घराने मुलीचे नाते दिले नाही, ते त्यांनी विठ्ठलाकडून घेतले. त्याला आई म्हटले, जात्याशी बसविले. दासीपणात भक्तीचा विनय आहे हे खरे. पण तो विनय सांगणारे कीर्तनकार त्या घरातील कामाची वाटणी सांगत नाहीत, हेही तितकेच खरे. गंगारामने नाव दिले आणि घर काढून घेतले. दामाशेटींनी घर दिले आणि नाते राखून ठेवले. दोन्हींत जे उणे राहिले, ते कवितेने भरून काढले.

नांदेडच्या सचखंड श्री हजूर साहिबचे दर्शन ज्यांनी घेतले आहे, त्यांच्यासाठी या कथेला आणखी एक पदर आहे. १७०८ साली श्री गुरू गोविंदसिंहांनी येथेच श्री गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि कबीरांचीही वाणी आहे. लहरतारा तलावाकाठी नीरू आणि नीमा या विणकर जोडप्याला सापडलेले मूल, अशी कबीरांविषयीची लोकमान्य कथा. ज्या ग्रंथापुढे अवघा पंथ मस्तक टेकवितो, त्यात जुलाह्याच्या घरी वाढलेल्या मुलाचे शब्द आहेत. मध्य प्रदेश शासनाने सुर्वे यांना कबीर सन्मान दिला तेव्हा हा धागा मनात होता की नाही, कोण जाणे. कापड विणणाऱ्याला सापडलेला एक कवी आणि कापडाच्या गिरणीत राबणाऱ्याला सापडलेला दुसरा! भारत सरकारने १९९८ साली त्यांना पद्मश्री दिली. १६ ऑगस्ट २०१० रोजी त्यांचे निधन झाले.

लातूर जिल्ह्याला हा विषय पुस्तकी वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात घरे कोसळली आणि कितीतरी मुले एका रात्रीत पोरकी झाली. त्या वेळी मदतीला धावलेल्यांत स्वयंसेवकही होते, इतरही अनेक होते. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. संकटाच्या दिवशी समाज जात विचारत नाही. कसोटी लागते ती शांततेच्या दिवसांत. मूलबाळ नसलेले सुशिक्षित जोडपे दत्तकाचा विचार बोलून दाखवते आणि घरातील वडीलधारे पहिला प्रश्न करतात, ‘कोणाचे असेल ते?’ नांदेड असो वा लातूर, हा प्रश्न समरसतेच्या कार्यक्रमाला नियमाने येणाऱ्या घरांतही ऐकू येतो.

आज गंगारामला मूल उचलून थेट घरी नेता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. सापडलेले बालक चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. १०९८ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. पालक होऊ इच्छिणाऱ्यांना केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. बहुतेकांना तान्हे मूल हवे असते. थोडी मोठी झालेली, आजारी वा अपंग मुले मागे राहतात. माहितीसाठी पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. नांदेडला आणि लातूरला, दोन्ही ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे आणि नोंदणीची पद्धत तेथे समजावून सांगितली जाते.