एकटा माणूस सापडत नाही



लोणावळ्यातल्या या संमेलनाचं अध्यक्षपद मला दिलंत, मी ऋणी आहे. सरदार घराण्यांच्या वंशावळींवर आपण पुष्कळ बोललो आहोत. आज मला मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या साध्या माणसांविषयी बोलायचं आहे.

१८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारावर तिथे गेले. त्यांत मराठी थोडे. रत्नागिरी, सातारा, पुणे या भागांतले. पोर्ट लुईला उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळे. त्यापुढे नाव, बापाचं नाव, जात, वय, गाव, बोट. ही दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत; १८६० च्या दशकापासून पुढच्या अनेकांचे फोटोही आहेत. पण बहुतेक घरांत बापाचं किंवा आजोबाचं नावच पुढे आडनाव झालं. त्यामुळे तिथून मुळं शोधत आलेल्या पणतूचं आडनाव आपल्या गावच्या दप्तरात मिळत नाही.

मग गाव पाहावं, तर तेही निसटतं. नोंदीत ‘वडगाव, जिल्हा पुणे’ एवढंच असलं तर कुठलं वडगाव? मावळातलं, शेरी, बुद्रुक, खुर्द, शिंदे की रासाई? शिवाय लिहिणारा परका. १७७९ च्या लढाईनंतर आपल्याच वडगावात झालेला तह इंग्रजी कागदांत ‘वरगाम’चा तह म्हणून गेला. एवढ्या गाजलेल्या गावाची ही गत, तर आंदर मावळातल्या एखाद्या वाडीचं काय झालं असेल! काही गावं तर टाटांच्या धरणांत आणि पुढे पवनेच्या पाण्यात गेली.

तहसील कचेरीतलं जन्म-मृत्यूंच्या नोंदींचं कोतवाल बुकही इथे अपुरं पडतं. त्यातल्या जुन्या नोंदी बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या; आपला माणूस त्याआधीच बोटीत बसलेला.

अशी अडचण आपल्यालाच आली असं नाही. अल्स्टरमधून अमेरिकेत गेलेल्या स्कॉट-आयरिश घराण्यांचे कितीतरी कागद १९२२ साली डब्लिनच्या दप्तरखान्याच्या आगीत जळाले. तिथले शोधक मग शेजारी पाहू लागले: कोण कोणाबरोबर निघालं, कोणाशेजारी जमीन घेतली. मला हीच वाट खरी वाटते. एकटा माणूस सापडत नाही, सोबत सापडते. एकाच बोटीतले लागोपाठचे नंबर काढा. त्यांतल्या एकाच्या गावाचं नाव स्पष्ट असेल, तर बाकीच्यांचा मुलूख उलगडण्याची आशा असते. घरात कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, हे विचारा. मॉरिशसचे मराठी आजही झाकरी नाचतात. ती आपल्या कोकणातली जाखडी. ही खूण मी कागदाइतकीच मोलाची मानतो, मात्र तिच्या आधारानं तर्क बांधावा, निकाल देऊ नये.

इकडची बाजू मोडी लिपीत आहे. पुणे पुराभिलेखागारातले रुमाल, पंढरपूरच्या, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या आणि आपल्या माळ्यावरची गाठोडी. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारे किती थोडे उरलेत, हे साऱ्या महाराष्ट्राला कळलं. वाचता येत नाही म्हणून ही गाठोडी इंद्रायणीत सोडली जातात, याचं मला फार दुःख होतं.

मोडी जाणणारी मंडळी उद्याही या सभागृहात बसणार आहेत. घरातले कागद घेऊन या. फाटलेले असले तरी आणा.