अंदाजपत्रक कोण वाचतो?



कामगार चळवळीतला माणूस व्यापाऱ्यांविषयी बोलणार म्हटल्यावर आज शिव्यांची लाखोली ऐकायला मिळणार, असे काहींना वाटले असेल. तसे होणार नाही. आम्ही व्यापारी मंडळींचा एक गुण सांगणार आहोत आणि तो आपण उचलावा असा आग्रह धरणार आहोत. तो गुण म्हणजे सरकारी अंदाजपत्रक वाचणे.

महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना 1927 साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने झाली. आज शहरोशहरी व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत. महापालिकेच्या स्थायी समितीत काय शिजते आहे आणि विधिमंडळात वित्तमंत्री काय बोलले, यावर त्यांची नजर असते. आपण भाषणातल्या कोट्या ऐकतो, ते कराचे कलम वाचतात.

याचे फळ जकातीच्या गोष्टीत दिसते. नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, तो जाच खराच होता. म्हणून 2010 पासून राज्याने टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आणला. 2013 साली तो पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आला, तेव्हा अधिकारी दुकानात येऊन वह्या तपासतील या धास्तीने व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. मार्च 2015 च्या अर्थसंकल्पात कर उठवण्याची घोषणा झाली आणि 1 ऑगस्टपासून 50 कोटींच्या आत उलाढाल असणारे त्यातून सुटले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही गेली.

व्यापाऱ्यांनी आपले हित पाहिले, यात वावगे काहीच नाही. प्रश्न आपला आहे. झाडूवाल्याचा पगार, नळाचे पाणी, पालिकेच्या दवाखान्यातले औषध यांना जकातीचा मोठा आधार होता. तो पैसा रोजच्या रोज शहराच्या गल्ल्यात पडे. आता त्याच्या बदली राज्याकडून भरपाई येते. मुंबई महापालिकेला जुलै 2017 मध्ये पहिला हप्ता मिळाला, तो सुमारे 647 कोटींचा होता. रक्कम मोठी आहे, पण हात देणाऱ्याचा वर आणि घेणाऱ्याचा खाली. म्हणून केवळ पालिकेची वही पाहून आता भागत नाही, मंत्रालयाची वहीही उघडावी लागते.

"आम्ही कर कुठे भरतो?" असे आमचे कामगार बांधव विचारतात. पगाराची चिठ्ठी नीट पाहा. बहुतेकांच्या पगारातून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये, म्हणजे वर्षाला 2500 रुपये व्यवसाय कर कापला जातो. 1975 च्या कायद्याने हा कर आला, तो रोजगार हमीच्या कामांसाठी. शहरातल्या चाकरमान्याने खेड्यातल्या मजुराला दिलेला हा हात आहे. तो त्याच्यापर्यंत पोचतो का, हे विचारण्याचा हक्क देणाऱ्याला नाही तर कुणाला?

अंदाजपत्रक वाचायला पदवी लागत नाही. आम्हीही पदवीवाले नाही. तीन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत: यंदा किती ठरवले, सुधारित अंदाज किती, आणि गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती खर्च झाले. शाळेसाठी तरतूद मोठी आणि खर्च थोडा दिसला, की तेथे बोट ठेवावे.

ही विद्या आपल्या मातीला परकी नाही. 1902 साली गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सरकारला सांगितले की, तिजोरीतली शिल्लक म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे. त्या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकाचे कष्ट होते. 1903 साली मिठावरचा कर कमी झाला. एका शिक्षकाला जे जमले, ते आपल्या मंडळांना आणि युनियनांना का जमू नये?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वॉर्डात चार माणसांनी एकत्र बसावे. एकाने पाणी घ्यावे, एकाने दवाखाने, एकाने शाळा, एकाने सफाई. अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी नगरसेवकाला गाठावे आणि आमदारालाही. मंजूर झाल्यावर काढलेला मोर्चा म्हणजे वरात गेल्यावर वाजवलेला ताशा.

व्यापारी जागा आहे म्हणून त्याच्यावर रागावू नये. आपण जागे व्हावे.