ओंजळ वेगळी, दोष कुणाचाच नाही



एका चुलीवर जेवणाऱ्या दोन जावा. एकीला टीबी होतो, दुसरीला साधा खोकलाही नाही. मग गावात कुजबुज सुरू होते, "तिच्या माहेरातच आहे तो रोग." अशा बोलण्यानं लेकींच्या सोयरिकी मोडतात. म्हणून आज आम्ही यावरच बोलणार आहोत.

टीबीचा जंतू रक्तातून, वारशानं येत नाही. तो येतो हवेतून. २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी तो जगापुढे मांडला. वारशानं येते ती त्याच्याशी लढायची रीत, तीही थोडीफार.

जंतू फुप्फुसात शिरला की तिथल्या पेशी त्याला गिळतात. पण तो आतच लपून बसतो. मग ती पेशी त्याचे बारीक तुकडे आपल्या अंगावर मांडते. बाजार समितीत ढिगातली मूठभर तूर वानगी म्हणून दाखवतात ना, तसं. ही वानगी पारखणाऱ्या पेशी म्हणजे टी-पेशी. त्यांनी जंतू ओळखला की त्या गिळणाऱ्या पेशीला बळ देतात. मग जंतू मरतो, नाहीतर गाठीत कोंडला जातो.

वानगी धरणाऱ्या ओंजळीला शास्त्रात एचएलए म्हणतात. तिचा आकार निम्मा आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. कुणाच्या ओंजळीत जंतूचा एक तुकडा नीट बसतो, कुणाच्या दुसराच. सख्ख्या बहिणींतही हा संच तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक. मदुराई आणि दिल्लीच्या संशोधकांना डीआर-२ नावाची ओंजळ असलेल्यांत फुप्फुसाचा टीबी जास्त आढळला. तरी त्याच ओंजळीची कितीतरी माणसं ठणठणीत असतात. जंतू शिरलेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात.

ओंजळ बदलता येत नाही, पण टी-पेशींचं बळ ताटातून येतं. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. जिथं फक्त रुग्णालाच शिधा मिळाला, त्या घरांपेक्षा इथं नवा टीबी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला. आपल्या घरात सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं कोण जेवतं, हे आम्ही सांगायला नको.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, उतरत चाललेलं वजन, यातलं काही दिसलं तर आशाताईला सांगा, बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला महिन्याला १००० रुपये मिळतात. गोळ्यांचा कोर्स मधेच सोडू नका. घरातल्या इतरांनाही तपासून प्रतिबंधक गोळ्या मिळू शकतात, त्या मागून घ्या.

आणि कुणी "त्या घरात टीबी आहे" म्हणत सोयरीक मोडू लागलं, तर गटातल्या चारचौघींनी जाऊन सांगा, रोग औषधानं बरा होतो आणि लेकीच्या रक्तात तो नसतो.