त्याचं येणं, त्याला येताना

पारशिवनीच्या मराठी शाळेतल्या मुलापुढे इंग्रजीच्या तासाला दोन वाक्यं येतात : 'आय डोन्ट लाइक हिज कमिंग लेट' आणि 'आय डोन्ट लाइक हिम कमिंग लेट'. अर्थ एकच, त्याचं उशिरा येणं मला आवडत नाही. मग 'हिज' की 'हिम'?

या प्रश्नावर इंग्रजीच्या जाणकारांचीच जुंपली होती. हेन्री आणि फ्रान्सिस फाउलर या भावांनी 1906 साली 'द किंग्ज इंग्लिश' या पुस्तकात 'हिम'वाल्या रचनेला दोष दिला. हेन्रीचा मुद्दा सरळ होता : न आवडणारी गोष्ट तो माणूस नव्हे, त्याचं येणं आहे, म्हणून 'हिज'. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी त्याला विरोध केला आणि नामांकित इंग्रजी लेखकांच्या लिखाणातलीच उदाहरणं पुढे ठेवली. परकीयाने इंग्रजांना त्यांचीच भाषा दाखवावी, यातही गंमत आहेच.

मराठी मुलाला मात्र हे अवघड जाऊ नये. 'त्याचं येणं', 'आईचं रागावणं', 'तुझं बोलणं' हे त्याच्या कानावर घरीच पडलेलं असतं. 'त्याला येणं आवडत नाही' म्हटलं, तर अर्थच फिरतो. आवडनिवड त्या येणाऱ्याची होते. तेव्हा 'चा-ची-चे' आठवलं की 'हिज' आपोआप येतं.

पण हा नियम सगळीकडे लावायचा नाही. 'आय सॉ हिम क्रॉसिंग द ब्रिज' इथे 'हिम'च हवं, कारण पाहिलं ते त्यालाच. मराठीत आपण 'त्याला पूल ओलांडताना पाहिलं' म्हणतो. 'ताना' आलं की 'हिज' नको.

आणखी एक अडचण निर्जीव वस्तूंची. नवेगाव खैरीच्या जलाशयात पाणी वाढण्याची शक्यता असते. 'पाण्याच्या वाढण्याची शक्यता' असं तिथल्या पेंच नदीकाठचा कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही 'द चान्स ऑफ द वॉटर रायझिंग' हेच सहज वाटतं, तिथे पाण्याला षष्ठी लावली की वाक्य अडखळतं. लांबलचक नामांचंही तसंच.

अशा रचनेने वाक्याची सुरुवातच करायची असेल, तर 'हिज लीव्हिंग सरप्राइज्ड अस' हे जास्त सुबक.

विद्यार्थ्यांनी अर्जात, निबंधात, परीक्षेच्या पेपरात माणसासाठी 'हिज', 'हर', 'माय' लिहावं. गप्पांत कुणी 'हिम' म्हणालं, तर त्याला टोकू नये.