गोठ्याच्या छतात उजेडाचा पत्रा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे बऱ्याच बंदिस्त गोठ्यांत भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय कासेची सूज दिसत नाही. गोचीड नजरेतून सुटतात, जमिनीची ओल लवकर सुकत नाही. त्यातच वीज गेली की कामच थांबते. यावर सोपा उपाय म्हणजे छतात मधूनमधून फायबरचे पत्रे बसविणे. काचेचे तंतू व पॉलिएस्टर रेझीन यांपासून हे पत्रे बनतात. त्यांतून येणारा उजेड पसरून पडतो, डोळे दिपत नाहीत.

मात्र उजेडाबरोबर उष्णताही येते. म्हणून छताच्या दहाव्या भागापेक्षा जास्त पत्रे घालू नयेत. उत्तरेकडील उतार बरा. परंतु मे महिन्यात सूर्य डोक्यावर असल्याने तिकडूनही ऊन येतेच. त्यासाठी पत्रे जनावरांच्या पाठीवर न येता शेण-मूत्राच्या नालीवर येतील असे बसवावेत. कांदाचाळ, बियाणे व कीटकनाशके ठेवण्याच्या जागेवर हे पत्रे घालू नयेत. रेझीन पेट घेते, म्हणून चूल किंवा बंबाजवळही नकोत.

खरेदी करताना शेजारच्या पत्र्याच्या पन्हाळीशी जुळणारा नमुना घ्यावा, नाहीतर सांध्यातून पाणी गळते. बोल्टसाठी भोके आधी गिरमिटाने पाडावीत, खिळा ठोकू नये. उन्हात पत्रा प्रसरण पावतो, म्हणून भोक बोल्टपेक्षा थोडे मोठे ठेवून वर रबरी वायसर घालावा. पत्रा कापताना नाकातोंडावर फडके बांधावे व अंगभर कपडे घालावेत; काचेच्या भुकटीने अंगाला खाज सुटते.

वर्षातून एकदा साबणाच्या पाण्याने व मऊ कापडाने पत्रा पुसावा. उन्हाने काही वर्षांत तो पिवळा पडतो, तंतू उघडे पडतात. असा पत्रा बदलावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. या पत्र्यावर पाय देऊ नये. नवा असताना तो ओळखू येतो; पण धूळ बसली, रंग उडाला की सिमेंटच्या पत्र्यात मिसळून जातो. पावसाळ्यापूर्वी गळती बघायला चढलेला माणूस त्यावर पाय ठेवतो आणि थेट खालच्या फरशीवर आदळतो. सिमेंटचा पत्राही असाच दगा देतो. म्हणून पत्रा बसवितानाच त्याच्याखाली मजबूत लोखंडी जाळी आडव्या पाइपांना पक्की बांधून घ्यावी. पत्र्याच्या कडांना ठळक लाल रंग द्यावा. होईल तितके काम खालून शिडीवरून करावे. वर जावेच लागले तर आडव्या पाइपांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकूनच जावे, तेही एकट्याने नाही. वाळवण घालायला किंवा चेंडू काढायला मुलांना छतावर कधीही पाठवू नये.

जाळीला खर्च येतो, हे खरे. पण घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, तर तो खर्च कोणत्या हिशोबात धरणार? गोठ्यात उजेड जरूर आणा. पण आधी जाळी, मग पत्रा, हा क्रम विसरू नका.